पीतबिंदूचे रक्षण : उतारवयातील दृष्टी, आहार आणि पूरक गोळ्या

साठी उलटून गेलेली एखादी आजी सकाळच्या उन्हात तांदूळ निवडावयास बसते. पूर्वी खडा कोठे आहे हे तिला तत्काळ दिसे. आता ज्या दाण्याकडे ती रोखून पाहते, नेमका तोच दाणा अस्पष्ट होतो. आजूबाजूचे दाणे मात्र दिसत राहतात. दाराच्या चौकटीची सरळ कड तिला मध्येच वाकल्यासारखी भासते. समोरून कोणी आले हे तिला कळते, त्याचे कपडेही दिसतात, परंतु चेहरा ओळखू येत नाही. घरातील मंडळी म्हणतात, "मोतीबिंदू असेल, पिकला म्हणजे काढून घेऊ." पुष्कळदा ते खरेही असते. परंतु काही वेळा तो मोतीबिंदू नसतो. डोळ्याच्या आतील पडद्याच्या मध्यभागीच बिघाड झालेला असतो, आणि तो पिकण्याची वाट पाहण्यात दृष्टीचे कायमचे नुकसान होते.

या विकारास वयोजन्य पीतबिंदू-ऱ्हास असे नाव आहे. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका जागतिक अभ्यासात असा अंदाज करण्यात आला होता की, २०२० साली सुमारे १९ कोटी ६० लाख लोकांस हा विकार कमीअधिक प्रमाणात असेल आणि २०४० पर्यंत ही संख्या २८ कोटी ८० लाखांवर जाईल. माणसाचे आयुष्य वाढत आहे, हे या वाढीचे मुख्य कारण होय. आपल्या देशात उत्तर व दक्षिण भागांतील साठ वर्षांवरील लोकांची एक मोठी पाहणी झाली. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या तिच्या निष्कर्षांप्रमाणे या विकाराची अखेरची अवस्था शेकडा १.२ व्यक्तींत आढळली. हे प्रमाण अल्प वाटेल. परंतु भारतातील वृद्धांची एकूण संख्या लक्षात घेता त्याचा अर्थ लक्षावधी माणसे असा होतो.

विकाराची माहिती होताच दोन प्रश्न साहजिकच मनात येतात. खाण्यापिण्याची काळजी घेतल्यास तो टाळता येईल काय? आणि बाजारात 'डोळ्यांसाठी' म्हणून मिळणाऱ्या गोळ्या घ्याव्यात काय? या प्रश्नांची उत्तरे शास्त्रज्ञांनी केवळ तर्काने काढलेली नाहीत. हजारो माणसांवर वर्षानुवर्षे चाललेल्या प्रयोगांतून ती मिळाली आहेत. त्या प्रयोगांनी आशेला आधार दिला, तसाच एका उघड धोक्याचा इशाराही दिला. या दोहोंचा परिचय करून देणे हा प्रस्तुत पुस्तिकेचा हेतू आहे.

पीतबिंदू म्हणजे काय?

डोळ्याच्या आतील मागच्या बाजूस दृष्टिपटल नावाचा पातळ पडदा असतो. त्याची जाडी साधारणपणे पाव मिलिमीटर, म्हणजे जाड कागदाएवढी असते. या पडद्यात प्रकाश टिपणाऱ्या दोन प्रकारच्या पेशी आहेत. दंडाच्या आकाराच्या पेशी सुमारे १२ कोटी असून त्या अंधुक प्रकाशात उपयोगी पडतात. शंकूच्या आकाराच्या पेशी सुमारे ६० लाख असून रंग व बारकावे त्यांच्यामुळे दिसतात. शंकुपेशींची सर्वांत दाट गर्दी दृष्टिपटलाच्या मध्यभागी, सुमारे साडेपाच मिलिमीटर व्यासाच्या एका लहानशा क्षेत्रात असते. या क्षेत्राचा रंग पिवळसर दिसतो, म्हणून त्यास पीतबिंदू म्हणतात. त्याच्याही मध्यावर एक उथळ खळगा असतो. आपण ज्या वस्तूकडे रोखून पाहतो तिची प्रतिमा या खळग्यात पडते.

पीतबिंदूचे महत्त्व पटण्यासाठी वाचकांनी एक साधा प्रयोग करून पाहावा. या पानावरील कोणत्याही एका शब्दावर दृष्टी स्थिर ठेवा आणि डोळा मुळीच न हलविता त्याच ओळीतील पाचसहा शब्दांपलीकडील शब्द वाचण्याचा प्रयत्न करा. तेथे काहीतरी छापले आहे हे दिसेल, परंतु ते वाचता येणार नाही. ज्याचा पीतबिंदू निकामी झाला आहे त्यास सर्वच शब्द असे दिसतात. तो घरात वावरू शकतो, अंगणात जाऊ शकतो; परंतु वाचणे, सुई ओवणे, नाणी ओळखणे, नातवंडांचे चेहरे पाहणे ही कामे त्याच्या हातून होत नाहीत. या विकाराने बहुधा पूर्ण अंधत्व येत नाही हे खरे. मात्र जे पाहावयाची इच्छा असते नेमके तेच हरपते.

ही जागा का झिजते?

दृष्टिपटल हे शरीरातील अत्यंत कष्टाळू उपांग आहे. वजनाच्या मानाने पाहिल्यास ते इतर बहुतेक अवयवांपेक्षा अधिक प्राणवायू वापरते. शिवाय जन्मापासून त्यावर प्रकाश पडत असतो. जेथे प्राणवायू विपुल आणि प्रकाश तीव्र, तेथे ऑक्सिडीकरणाची क्रिया जोरात चालते. चिरून ठेवलेले सफरचंद थोड्याच वेळात तांबूस पडते, ते याच क्रियेमुळे. त्यावर लिंबाचा रस चोळल्यास हा बदल लांबतो, कारण लिंबातील क जीवनसत्त्व व आम्लता त्यास अटकाव करतात. डोळ्यातही ऑक्सिडीकरणास आवर घालणारे पदार्थ असतात आणि त्यांपैकी अनेक आहारातून यावे लागतात.

प्रकाश टिपणाऱ्या पेशींची टोके सतत झिजतात आणि पुन्हा नवी वाढतात. झिजलेले तुकडे गिळून पचविण्याचे काम त्यांच्या पाठीमागील रंगद्रव्ययुक्त पेशींचा एकपदरी थर करतो. हा थर म्हणजे डोळ्यातील झाडलोट करणारा सेवकच होय. परंतु या पेशी सहसा नव्याने निर्माण होत नाहीत. साठसत्तर वर्षे त्याच पेशींना राबावे लागते. उतारवयात त्यांचे काम मंदावते, न पचलेला कचरा साठू लागतो आणि थराच्या खाली पिवळट ठिपके जमतात. नेत्रवैद्य उपकरणातून पाहतो तेव्हा त्यास हे ठिपके दिसतात. ते लहान व तुरळक असले तर ती आरंभीची अवस्था. मोठे व पुष्कळ झाले म्हणजे मध्यम अवस्था. या काळात रोग्यास बहुधा काहीच जाणवत नाही.

पुढे दोन वाटा फुटतात. काही रोग्यांत पेशींचा थर हळूहळू विरत जातो. यास शुष्क प्रकार म्हणतात. दुसऱ्या काही रोग्यांत खालून नवीन, नाजूक रक्तवाहिन्या वर शिरतात, त्यांतून द्रव व रक्त पाझरते आणि दृष्टी काही आठवड्यांत, कधी काही दिवसांतच खालावते. हा आर्द्र प्रकार होय. शुष्क प्रकाराचे रोगी संख्येने पुष्कळ अधिक असतात, परंतु दृष्टी झपाट्याने जाते ती आर्द्र प्रकारात.

पिवळ्या रंगाचे कार्य

पीतबिंदूस पिवळा रंग कशामुळे येतो? अमेरिकन शास्त्रज्ञ जॉर्ज वॉल्ड यांनी १९४५ साली असे सुचविले की, हा रंग वनस्पतींच्या पानांत आढळणाऱ्या पिवळ्या रंगद्रव्यांच्या जातीचा असावा. दृष्टीच्या रसायनशास्त्रावरील संशोधनाबद्दल पुढे १९६७ साली वॉल्ड यांस नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. १९८५ साली बोन व लँड्रम या संशोधकांनी आपल्या सहकाऱ्यासह दाखवून दिले की, पीतबिंदूत ल्यूटीन आणि झिॲझँथिन ही दोन द्रव्ये आहेत. दोन्ही द्रव्ये गाजरातील कॅरोटीनच्या कुळातील आहेत.

ही द्रव्ये दोन कामे करतात. निळा प्रकाश हा दृश्य प्रकाशातील अधिक ऊर्जेचा भाग होय. तो ती शोषून घेतात आणि एखाद्या पिवळ्या काचेप्रमाणे मागील पेशींचे रक्षण करतात. तसेच ऑक्सिडीकरणातून निर्माण होणारे घातक रेणू ती निष्प्रभ करतात. मनुष्याच्या शरीरास ही द्रव्ये स्वतः बनविता येत नाहीत. ती मुळात वनस्पतींकडूनच मिळतात. अंड्याच्या बलकाचा पिवळेपणाही कोंबडीने खाल्लेल्या मक्यातून व पाल्यातून आलेला असतो. दसऱ्याला आपण दारास ज्या झेंडूचे तोरण बांधतो, त्याच्या पाकळ्यांत ल्यूटीन विपुल असते. गोळ्यांसाठी लागणारे ल्यूटीन बहुतांशी झेंडूच्या फुलांपासूनच काढतात आणि त्यासाठी दक्षिण भारतात झेंडूची शेतीही होते.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. अ जीवनसत्त्वाच्या अभावी मुलांस रातांधळेपणा येतो व डोळ्याचा पारदर्शक भाग खराब होतो. गाजर, पिकलेला आंबा, पपई व पालेभाज्या यांनी तो टळतो. हा विकार निराळा व पीतबिंदूचा ऱ्हास निराळा. गाजरात ल्यूटीन थोडेच असते. म्हणून 'गाजर खाल्ले म्हणजे म्हातारपणी डोळे टिकतात' एवढ्यावर समाधान मानता येत नाही.

प्रयोगाची कसोटी

१९९४ साली अमेरिकेतील पाच नेत्रकेंद्रांतील संशोधकांनी एक तुलना प्रसिद्ध केली. विकाराची पुढची अवस्था झालेले रोगी आणि तसा विकार नसलेली माणसे यांच्या आहाराची त्यांनी चौकशी केली होती. ज्यांच्या आहारात कॅरोटीनच्या कुळातील द्रव्ये सर्वांत अधिक होती, त्यांच्यात हा धोका सर्वांत कमी घेणाऱ्यांच्या मानाने शेकडा ४३ ने कमी आढळला; पालकासारख्या पालेभाज्यांचा संबंध विशेष स्पष्ट होता. तथापि अशा तुलनेत एक उणीव राहते. पालेभाजी खाणारा मनुष्य बहुधा धूम्रपान कमी करतो, व्यायाम अधिक करतो. मग श्रेय भाजीचे की एकंदर राहणीचे? याचा निर्णय प्रयोगानेच होऊ शकतो.

असा प्रयोग अमेरिकेच्या राष्ट्रीय नेत्रसंस्थेने १९९२ साली आरंभिला होता. पीतबिंदूविषयक भागात ५५ ते ८० वर्षे वयाच्या ३,६४० व्यक्ती होत्या. कोणास कोणती गोळी मिळावी हे जणू चिठ्ठ्या टाकून ठरविण्यात आले. काहींस जीवनसत्त्वे, काहींस जस्त, काहींस दोन्ही आणि काहींस केवळ दिसावयास तशीच, परंतु औषध नसलेली पोकळ गोळी देण्यात आली. आपणास कोणती गोळी मिळते हे रोग्यासही ठाऊक नव्हते आणि तपासणाऱ्या वैद्यासही नव्हते. पूर्ण मिश्रणात दररोज ५०० मिलिग्रॅम क जीवनसत्त्व, ४०० एकक ई जीवनसत्त्व, १५ मिलिग्रॅम बीटा-कॅरोटीन, ८० मिलिग्रॅम जस्त आणि २ मिलिग्रॅम तांबे होते. जस्त अधिक घेतल्याने शरीरातील तांब्याचे शोषण घटते व रक्तक्षय होऊ शकतो. तांबे घालण्याचे कारण हेच.

२००१ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. ज्यांना विकाराची मध्यम अवस्था होती, अथवा एका डोळ्यात अखेरची अवस्था होऊन दुसरा डोळा वाचलेला होता, अशा रोग्यांपैकी पोकळ गोळी घेणाऱ्यांत पाच वर्षांत शंभरांपैकी २८ जणांचा विकार अखेरच्या अवस्थेस पोहोचला. पूर्ण मिश्रण घेणाऱ्यांत हे प्रमाण शंभरी २० होते.

या आकड्यांचा अर्थ नीट समजून घेतला पाहिजे. अशा शंभर रोग्यांनी पाच वर्षे नियमाने गोळ्या घेतल्या तर सुमारे आठ जणांचे नुकसान टळेल अथवा लांबेल. वीस जणांचा विकार गोळ्या घेऊनही वाढेल. उरलेल्या बहात्तर जणांचा विकार गोळ्या न घेताही त्या काळात अखेरच्या अवस्थेस गेला नसता. म्हणजे लाभ खरा आहे, परंतु मर्यादित आहे. गोळ्यांनी गेलेली दृष्टी परत आली नाही. आणि ज्यांना केवळ आरंभीची अवस्था होती किंवा काहीच विकार नव्हता, त्यांच्यात लाभ दिसून आला नाही. ऑस्ट्रेलियात मेलबर्न येथे सुमारे १,२०० प्रौढांस चार वर्षे ई जीवनसत्त्व किंवा पोकळ गोळी देऊन केलेल्या व २००२ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगातही त्या जीवनसत्त्वाने विकाराचा उगम थांबविला नाही.

कॅरोटीनने दिलेला धडा

वरील मिश्रणातील बीटा-कॅरोटीन हे गाजरातील निरुपद्रवी द्रव्य. ते गोळीतून घेतल्यास हानी होईल असे कोणास वाटले नव्हते. उलट, भाज्या खाणाऱ्यांत कर्करोग कमी आढळतो म्हणून फिनलंडमध्ये २९,१३३ धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर एक मोठा प्रयोग करण्यात आला. १९९४ साली त्याचे निष्कर्ष आले तेव्हा संशोधक चकित झाले. बीटा-कॅरोटीनची गोळी घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग कमी न होता शेकडा १८ ने अधिक झाला होता. अमेरिकेत धूम्रपान करणाऱ्या व ॲस्बेस्टॉसच्या संपर्कात आलेल्या लोकांवर चाललेला असाच प्रयोग १९९६ साली मुदतीपूर्वीच बंद करावा लागला.

त्यामुळे राष्ट्रीय नेत्रसंस्थेने २००६ साली दुसरा प्रयोग हाती घेतला. त्यात ५० ते ८५ वर्षे वयाचे ४,२०३ रोगी होते. बीटा-कॅरोटीनऐवजी १० मिलिग्रॅम ल्यूटीन व २ मिलिग्रॅम झिॲझँथिन चालेल काय, आणि मासळीच्या तेलातील मेदाम्लांनी काही अधिक लाभ होतो काय, हे त्यात तपासण्यात आले. २०१३ साली उत्तर मिळाले. मासळीच्या तेलाच्या गोळ्यांनी लाभ झाला नाही. मूळ मिश्रणात ल्यूटीनची नुसती भर घातल्याने सर्व रोग्यांचा मिळून विचार करता लक्षणीय फरक पडला नाही. परंतु ज्यांच्या आहारात ही द्रव्ये सर्वांत कमी होती, त्यांच्यात विकाराची वाढ शेकडा २६ ने घटली. बीटा-कॅरोटीन घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग शेकडा २ जणांस, तर न घेणाऱ्यांत शेकडा ०.९ जणांस झाला, आणि या रोग्यांपैकी बहुतेकांनी पूर्वी धूम्रपान केलेले होते. पूर्वीच धूम्रपान सोडलेलेही सुरक्षित नव्हते, ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. दहा वर्षांच्या पाहणीनंतर २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या अहवालाने ल्यूटीनयुक्त मिश्रणाची सुरक्षितता व उपयुक्तता पुन्हा दाखविली.

भाजीच्या पानात जे द्रव्य हितकर असते, तेच अलग काढून मोठ्या मात्रेत दिल्यास हितकर ठरेलच असे नाही. पानात त्याच्याबरोबर शेकडो द्रव्ये असतात आणि मात्राही बेताची असते. आहार आणि औषध यांतील हा भेद सामान्य माणसाने विसरू नये.

गोळी कोणासाठी?

आतापर्यंतच्या विवेचनावरून व्यवहाराचा नियम सहज काढता येतो. नेत्रतज्ज्ञाने बुबुळ विस्फारणारे थेंब घालून दृष्टिपटल तपासले असेल आणि मध्यम अवस्था, अथवा एका डोळ्यात अखेरची अवस्था आढळली असेल, तर ल्यूटीनयुक्त मिश्रणाविषयी त्याचा सल्ला घ्यावा. इतरांनी, केवळ वय झाले म्हणून किंवा चष्म्याचा क्रमांक वाढला म्हणून, या गोळ्यांवर पैसा खर्च करण्याचे कारण नाही. 'डोळ्यांसाठी' असे लिहिलेल्या सर्वच बाटल्यांत प्रयोगातील मिश्रण असते असेही नाही. घटक व त्यांची मात्रा वेष्टनावर वाचून पाहावी. ज्यांनी कधीही विडी, सिगारेट ओढली आहे त्यांनी बीटा-कॅरोटीन असलेली गोळी टाळावी.

मात्राही लहान नाहीत. भारतीय प्रौढ पुरुषास क जीवनसत्त्व दिवसाकाठी सुमारे ८० मिलिग्रॅम व जस्त सुमारे १७ मिलिग्रॅम पुरेसे मानले जाते. मिश्रणात ती अनुक्रमे सहापट व जवळजवळ पाचपट आहेत. पहिल्या प्रयोगात जस्त घेणाऱ्यांस मूत्रमार्गाच्या तक्रारींमुळे रुग्णालयात अधिक वेळा जावे लागले होते. रक्त पातळ करणारे औषध चालू असलेल्यांनी तर वैद्याला विचारल्यावाचून ई जीवनसत्त्वाची मोठी मात्रा घेऊ नये.

ताटातील हिरवा रंग

गोळी थोड्यांसाठी असली तरी आहार सर्वांसाठी आहे. युरोपातील सुमारे पाच हजार व्यक्तींच्या २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे आढळले की, भूमध्य समुद्राकाठच्या पद्धतीचा आहार, म्हणजे भाज्या, फळे, कडधान्ये, अख्खी धान्ये, मासे व वनस्पतिज तेल भरपूर आणि मांस बेताचे, जे काटेकोरपणे घेत त्यांच्यात अखेरच्या अवस्थेचा धोका शेकडा ४१ ने कमी होता. यासाठी परदेशी पदार्थ आणावयास नकोत. आपल्या स्वयंपाकघरात त्याच गुणांची सामग्री आहे.

ल्यूटीनसाठी हिरव्या पालेभाज्या सर्वश्रेष्ठ होत. १०० ग्रॅम पालकात ल्यूटीन व झिॲझँथिन मिळून सुमारे १० ते १२ मिलिग्रॅम असते, म्हणजे दुसऱ्या प्रयोगातील गोळीइतके. मेथी, माठ, राजगिरा, शेवग्याचा पाला, अळू, कोथिंबीर, उत्तरेकडील सरसोंचा साग, दक्षिणेकडील कीरै ही सर्व एकाच कामाची आहेत. पिवळा मका आणि अंड्याचा बलक यांतही ही द्रव्ये असतात. बलकात त्यांचे प्रमाण थोडे असले तरी तेथील स्निग्धतेमुळे ती चांगली शोषली जातात. ही द्रव्ये तेलात विरघळणारी असल्यामुळे भाजी थोड्या तेलाच्या फोडणीत शिजविणे योग्यच आहे. नुसते पाण्यात उकडून पाणी फेकून देण्याची पद्धत मात्र सोडावी.

क जीवनसत्त्वाची गोष्ट आपल्या देशात विशेष महत्त्वाची आहे. आरंभी उल्लेखिलेल्या भारतीय पाहणीतील वृद्धांचे रक्त तपासले असता उत्तरेत शेकडा सुमारे ७४ आणि दक्षिणेत शेकडा सुमारे ४६ जणांत या जीवनसत्त्वाची कमतरता आढळली. आवळा व पेरू ही त्याची स्वस्त भांडारे आहेत. हे जीवनसत्त्व शिजविताना नष्ट होते. म्हणून वाढलेल्या भाजीवर किंवा वरणावर लिंबू पिळण्याची आपली चाल शास्त्रास धरून आहे. ई जीवनसत्त्व शेंगदाणे, बदाम व सूर्यफुलाचे तेल यांतून, तर जस्त तीळ, हरभरे, डाळी, मांस व मासे यांतून मिळते. कडधान्यांस मोड आणल्याने जस्ताच्या शोषणास अडथळा करणारे द्रव्य घटते. मासे खाणाऱ्यांनी तारली, बांगडा, हिलसा यांसारखे तेलकट मासे आठवड्यातून एकदोनदा घ्यावेत. मासळीच्या तेलाची गोळी निरुपयोगी ठरली म्हणून मासे वर्ज्य करण्याचे कारण नाही.

मूतखड्याचा त्रास असलेल्यांनी रोज पालक न खाता इतर पालेभाज्यांची आलटापालट करावी. काही रक्तरोधक औषधांच्या कार्यावर पालेभाज्यांतील के जीवनसत्त्वाचा परिणाम होतो. ती घेणाऱ्यांनी भाज्यांचे प्रमाण एकाएकी वाढवू वा घटवू नये, वैद्यास सांगून ठरवावे.

आहारापेक्षाही मोठी एक गोष्ट आहे, ती म्हणजे धूम्रपान. धूम्रपान करणाऱ्यांत हा विकार होण्याचा धोका न करणाऱ्यांच्या दुप्पट ते चौपट असतो. वय व आनुवंशिकता आपल्या हातात नाहीत. विडी मात्र आपल्याच हातात असते. ज्यांच्या आईवडिलांस अथवा भावंडांस हा विकार झाला आहे, त्यांनी तर ती आजच खाली ठेवावी आणि पन्नाशीनंतर डोळ्यांची नियमित तपासणी करून घ्यावी.

घरच्या घरी करावयाची परीक्षा

स्वित्झर्लंडचे नेत्रवैद्य मार्क आम्सलर यांनी गेल्या शतकाच्या चौथ्या दशकानंतर एक सोपी परीक्षा प्रचारात आणली. ती शाळेतील कोणत्याही विद्यार्थ्यास तयार करता येईल. कोऱ्या कागदावर १० सेंटिमीटर बाजूचा चौरस काढावा. त्यात ५ मिलिमीटर अंतराने उभ्या व आडव्या रेघा आखाव्यात. प्रत्येक बाजूस वीस घरे होतील. मध्यभागी एक ठळक ठिपका काढावा. आजीआजोबांनी वाचनाचा चष्मा लावून, चांगल्या उजेडात, हा कागद सुमारे ३० सेंटिमीटर अंतरावर धरावा. एक डोळा हाताने झाकून दुसऱ्याने ठिपक्याकडे रोखून पाहावे. मग डोळा बदलावा. दोन्ही डोळे एकदम उघडे ठेवल्यास चांगला डोळा वाईट डोळ्याचे वैगुण्य झाकून टाकतो.

रेघा वाकड्या वा लाटांसारख्या दिसल्या, काही घरे लहानमोठी भासली, किंवा मध्ये धुरकट डाग दिसला, तर महिनाभराने पाहू असे म्हणू नये. त्याच आठवड्यात नेत्रतज्ज्ञाकडे जावे. आर्द्र प्रकारावर या शतकाच्या पहिल्या दशकापासून परिणामकारक उपचार उपलब्ध आहेत. नवीन रक्तवाहिन्यांची वाढ रोखणारे औषध डोळ्यात सुईने घालतात. अनेक रोग्यांची दृष्टी त्यामुळे टिकली आहे, काहींची सुधारलीही आहे. परंतु हा उपचार जितका लवकर तितका सफल होतो. पालेभाजीने किंवा गोळीने त्याचे काम होत नाही, आणि त्यांच्या भरवशावर वेळ दवडणे ही मोठी चूक ठरते.

सारांश असा की, हिरवी भाजी, फळ व कडधान्य रोजच्या ताटात असावे, तंबाखूचा धूर नसावा, चौकटीचा कागद भिंतीवर टांगलेला असावा आणि गोळी वैद्याने तपासून सांगितली तरच घ्यावी. ज्या विद्यार्थ्यांनी ही पुस्तिका वाचली त्यांनी आज घरी जाऊन तो कागद आखावा आणि घरातील वडीलधाऱ्यांचा एकेक डोळा झाकून पाहावा. या कामास पाच मिनिटे पुरतात, आणि एखाद्या आजीला पुढे पुष्कळ वर्षे तांदळातला खडा आणि नातवंडांचा चेहरा दिसत राहण्यास ती उपयोगी पडू शकतात.